टी-शर्टवरची छपाई बिघडते तेव्हा: रंगाचा डबा बदलण्याआधी काय काय तपासायचं

गणपतीच्या महिनाभर आधी बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या छोट्या छपाईवाल्यांचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "यंदा रंगच खराब आलाय ओ." रंग क्वचितच खराब असतो. दोष असतो तो ओल्या कापडात, अर्धवट तापण्यात, कच्च्या पॉझिटिव्हमध्ये (डिझाइन काळ्यात छापलेला पारदर्शक कागद) नाहीतर सैल जाळीत. नवा डबा आणून तो जात नाही, पैसे तेवढे जातात. म्हणून तपासण्या फुकटातल्यापासून खर्चाच्या क्रमाने सांगतो. हे सगळं हाताने स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीत (स्क्रीन) अक्षरांची जागा उघडी आणि बाकी बंद ठेवून, रबराच्या पट्टीने रंग कापडावर ओढणाऱ्यांसाठी. एक टेबल किंवा हाताने फिरवायचं चार रंगांचं मशीन, एक फ्लॅश (वरून धग देऊन रंग सुकवणारा हीटर), एक हीट प्रेस (तापलेल्या पाट्याखाली दाबणारं यंत्र), एवढंच ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी.

आधी लक्षण नीट बघा

"प्रिंट गेली" हे काही लक्षण नव्हे. कशी गेली ते सांगा. धुतल्यावर पापुद्रे सुटले किंवा ताणल्यावर भेगा पडल्या, तर रंगाचा थर पुरता शिजलेला नाही किंवा कापडाने त्याला धरलेलंच नाही. पापुद्रे नाहीत, पण प्रत्येक धुण्याला रंग फिकट होतोय आणि ओल्या फडक्याला लागतोय, तर पाण्याच्या पेस्टमधला बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा भाग) पक्का झालेला नाही. रंग जागेवर आहे, पण त्यावर बारीक पांढुरकी लव उभी राहिलीय, तर तो सुताचा स्वभाव आहे. त्यासाठी क्युरिंग (तापवून रंग पक्का करणं) वाढवून काही होत नाही, थर जरा दाट आणि सपाट बसवावा लागतो.

अक्षरं बिघडण्याचे दोन उलटे प्रकार आहेत आणि लोक ते नेहमी एकत्र करतात. अनुस्वार गायब होणं, 'मंडळ'चं 'मडळ' होणं, वेलांटीचं टोक तुटणं, म्हणजे स्क्रीनवर जे उघडं व्हायला हवं होतं ते उघडलंच नाही, नाहीतर उघडून वाळलेल्या रंगाने बुजलं. 'ब'चं पोट भरून त्याचा 'व'सुद्धा वाचता न येणं, कन्नड अक्षरांची बंद गोल पोटं भरून जाणं, म्हणजे जे बंद राहायला हवं होतं ते उघडं झालं, किंवा रंग खालून पसरला. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लावला तर बिघाड दुप्पट होतो.

बाकीची लक्षणं सरळ आहेत. जिथे छापायचं नाही तिथे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. शिरोरेषा दोन दिसणं. पांढऱ्या रंगातून खालचं काळं कापड डोकावणं. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे संध्याकाळी शुभ्र दिसलेला पांढरा रंग दुसऱ्या दिवशी गुलाबी किंवा नारिंगी होणं. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

पुढे जाण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: दोष कितव्या नगापासून आला? पहिल्या नगापासून सगळीकडे असेल तर पॉझिटिव्ह, स्क्रीन किंवा कापड. पहिले वीस-पंचवीस चांगले आणि मग बिघडले तर जाळीत रंग वाळतोय, टेबल तापलंय किंवा टी-शर्ट टेबलाला धरून ठेवणारा गम सुटलाय. एकाच कोपऱ्यात असेल तर टेबल, रबर किंवा जाळीचा ताण. एकाच गठ्ठ्यातल्या टी-शर्टांना असेल तर कापड. या उत्तराने निम्म्या तपासण्या गळतात.

हातासरशी होणाऱ्या तपासण्या

कापडापासून सुरुवात करा. गिऱ्हाईक "प्युअर कॉटन" म्हणून आणून देतं, लेबलवरही तसंच असतं, त्यावर जाऊ नका. शिवणीच्या आतून एक धागा काढून काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. मिश्र धाग्यात थोडं दोन्ही दिसतं. मंडळांना स्वस्त पडतात म्हणून डॉट निटचे भगवे, लाल टी-शर्ट सर्रास येतात, ते पॉलिस्टर असतात. सुताची शाई आणि सुताचं तापमान त्यांना चालत नाही.

मग कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच जिरला तर ठीक. मोत्यासारखा बसून राहिला तर पॉलिस्टर तरी आहे, नाहीतर कापडाला मऊपणासाठी सिलिकॉनचा हात जास्त बसलाय. अशा कापडात पाण्याची पेस्ट आत शिरत नाही, वरवर बसते आणि धुण्यात पापुद्र्याने निघते. एक टी-शर्ट साध्या साबणाने धुऊन, वाळवून, त्यावर छापून बघा. तो टिकला आणि बाकीचे नाही टिकले, तर दोष कुणाचा ते कळलं. गिऱ्हाइकाला दाखवायलाही तो नमुना कामाला येतो.

आता पावसाळ्याची गोष्ट, कारण इथली निम्मी दुखणी त्यातून येतात. सूत हवेतला ओलावा पितं. ६५ टक्के आर्द्रतेत कोरड्या सुताच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी त्यात असतं. पॉलिस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे २०० ग्रॅमच्या सुती टी-शर्टात १५ ग्रॅमच्या वर पाणी बऱ्या हवेतसुद्धा असतंच. जुलै-ऑगस्टात, बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या कौलारू खोल्यांत भिंतीला टेकवून ठेवलेल्या गठ्ठ्यात ते बरंच वाढतं. हात लावून कळत नाही, गार लागतं एवढंच. पण फ्लॅशखाली गेल्यावर उष्णता आधी त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि पाणी आहे तोवर कापड १०० अंशांच्या वर जायला तयार नसतं. डायल तीच, सेकंद तेच, पण मे महिन्यात पक्की होणारी प्रिंट ऑगस्टात कच्ची राहते. छपाईआधी टी-शर्ट टेबलावर चढवून फ्लॅशखाली पाच-सात सेकंद कोरडा करा. त्यात आणखी एक फायदा आहे: सूत जे आकसायचं ते पहिल्या रंगाआधीच आकसतं, त्यामुळे दुसरा रंग जागेवर बसतो. गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिक छापण्याच्या दिवशीच फाडा.

दोन शिरोरेषा दिसत असतील तर आधी गम बघा. टी-शर्टवर तळवा ठेवून बाजूला ढकला. सरकला तर गम मेलाय. लव आणि धूळ बसून वरचा थर निकामी होतो, ओल्या फडक्याने पुसला की बहुतेक वेळा परत चिकटतो. तो घट्ट असेल तर मशीनच्या हाताचा बिजागर हलवून बघा. स्क्रीन खाली घेतल्यावर डावी-उजवी हलत असेल तर नट आवळा. हे दोन्ही ठीक असून टेबल तापल्यावरच दोष येत असेल, तर कापड फ्लॅशखाली आकसतंय. उपाय वरचाच, आधी तापवून घेणं.

कडा पसरत असतील तर जाळी आणि कापड यांतली फट बघा. रबर पुढे सरकलं की मागची जाळी लगेच उचलली गेली पाहिजे. ती कापडाला चिकटून राहिली तर रंग कडेने फुटतो. दोन ते तीन मिलीमीटर फट पुरते. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत मोजा. एका कोपऱ्यात नाणी अडतात आणि दुसऱ्यात सैल जातात, असं झालं तर टेबल वाकडं आहे, रंग नव्हे.

रबराची धार नखाने तपासा. टी-शर्टला साधारण ७० शोअरचं (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) रबर चालतं. नवं असताना कोपरा काटकोनात असतो. गोल झाला की तो रंग खरवडत नाही, दाबून ढकलतो. मग छापणारा जोर वाढवतो, जोराने रंग जाळीखालून पसरतो, अक्षरांची पोटं भरतात आणि दोष परत रंगावर येतो. सपाट लाकडावर पॉलिश पेपर ताणून रबर त्यावर उभं घासलं की धार परत येते. रबर जरासं पुढे झुकवून, ७५ अंशांच्या आसपास धरा. मुलाला काम शिकवताना जोर कमी करायला शिकवा. रंग कापडावर बसायला हवा, कापडाच्या आरपार जायला नको. टी-शर्ट उलटा करून मागे रंग दिसतो का ते बघणं ही जोर मोजायची सगळ्यात स्वस्त पद्धत आहे.

रंगाकडे एवढ्यात यायचंच असेल तर फक्त ढवळण्यापुरतं या. डिसेंबरच्या सकाळी प्लास्टिसोल (पाणी नसलेला, तापवून शिजवायचा रंग) डब्यात घट्ट बसलेलं असतं. दोन-तीन मिनिटं जोरात ढवळलं की सैल होतं. त्यात थिनर किंवा रॉकेल ओतणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. त्याने रंग पातळ होतो, पण शिजल्यावरची ताकद जाते आणि फ्लॅशखाली भडका उडायची भीती वेगळीच.

पाण्याच्या पेस्टचं उलटं आहे. वैशाखातल्या शिवजयंतीच्या ऑर्डरी एप्रिल-मेमध्ये येतात, तेव्हा हवा कोरडी असते आणि पेस्ट जाळीतच वाळते. अनुस्वार सगळ्यात आधी बंद होतात, कारण भोक सगळ्यात लहान. पंख्याचा झोत स्क्रीनवरून काढा, प्रत्येक छापानंतर स्क्रीनवर पेस्टची साय ओढून ठेवा, चहाला जाताना ओलं फडकं टाका. वाळणं लांबवणारा कंपनीचा रिटार्डर मिळतो, पण तो डब्यावर लिहिलाय तेवढाच घाला. जास्त झाला तर पेस्ट नंतर प्रेसखालीही वाळायचं नाव घेत नाही. थोडक्यात, शिवजयंतीला जाळीत वाळतं आणि गणपतीला कापडावर वाळत नाही. एकाच डब्याला दोन्ही मोसमांत शिव्या बसतात.

पॉझिटिव्ह आणि स्क्रीन

आता थोडा वेळ आणि थोडे पैसे लागतील.

पॉझिटिव्ह खिडकीला लावून बघा. जाळीवर इमल्शन, म्हणजे प्रकाशाने कडक होणारा थर, लावून त्यावर पॉझिटिव्हमधून प्रकाश देणं म्हणजे एक्स्पोज. काळ्यातून उजेड दिसला तर तिथून एक्स्पोजचा प्रकाशही जाणार. मग अक्षराच्या जागचं इमल्शन थोडं कडक होतं, धुताना निघत नाही आणि आपण पाण्याच्या जेटचा जोर वाढवून कडा फाडतो. लेझर प्रिंटरचा ट्रेसिंग पेपर असेल तर एकाच फाइलच्या दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवा. एक्स्पोज करताना शाईची बाजू इमल्शनला टेकली पाहिजे आणि वर काच घट्ट दाबलेली हवी. मधे हवा राहिली की प्रकाश कडेने आत शिरतो आणि बारीक रेघा खाऊन टाकतो.

अक्षरं पॉझिटिव्हवरच फुटकी असतील तर स्क्रीनकडे बघू नका, फाइलकडे बघा. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्ही असतो, एक श्री-लिपीत टाइप केलेला, दुसरा नुडीत. तो फाँट प्रिंटवाल्याच्या कॉम्प्युटरवर नसला की जोडाक्षरं सुटतात, रफार भलतीकडे जातो. कोरलमध्ये मजकूर कर्व्ह करूनच (अक्षरांचं चित्र करून, म्हणजे फाँट लागत नाही) फाइल द्या आणि कर्व्ह केल्यानंतर दोन्ही भाषा वाचणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. शंभर टी-शर्ट छापून झाल्यावर कळलेली चूक कुठल्याही रसायनाने पुसत नाही.

जाळीचा नंबर आणि अक्षराचा आकार यांचं गणित सोपं आहे. ४३ नंबरच्या जाळीत एका सेंटिमीटरला ४३ धागे, म्हणजे एका धाग्यापासून दुसऱ्यापर्यंत पाव मिलीमीटरहून थोडं कमी अंतर. अर्ध्या मिलीमीटरचा अनुस्वार तिथे जेमतेम दोन भोकांवर उभा असतो. एखादा धागा नेमका मधोमध आला की संपला. मंडळाचं नाव छातीवर मोठं असेल तर ४३ उत्तम, पांढरा रंगही भरपूर बसतो. खाली 'सौजन्य' म्हणून दहा नावं बारीक अक्षरांत हवी असतील तर ७७ घ्या. त्यात हे अंतर ०.१३ मिलीमीटरवर येतं. १२० नंबर काळ्या कापडावरच्या पांढऱ्याला लावू नका, रंग इतका पातळ बसतो की खालचं कापड दिसणारच. तेवढ्यासाठी पांढऱ्याचे दोन हात, मधे फ्लॅश, हा सरळ मार्ग. आणि अनुस्वार फाइलमध्येच जरा मोठा करून घ्या, कुणाच्या लक्षात येत नाही.

पिनहोल म्हणजे ते बारीक ठिपके, बहुतेक वेळा धुळीचे किंवा बुडबुड्यांचे असतात. पावडर मिसळून ढवळलेलं इमल्शन लगेच लावू नका, काही तास झाकून ठेवा, बुडबुडे वर येऊन फुटतात. एक्स्पोजची काच पुसा. जाळीला आधी साबणाने धुवा, नव्या जाळीलाही, कारण तेलकट जाळीवर इमल्शन धरत नाही. झालेले ठिपके खालच्या बाजूने टेपने किंवा इमल्शनच्या थेंबाने बुजवता येतात. मात्र छापता छापता नवे नवे ठिपके उघडत असतील तर बुजवत बसू नका. याचा अर्थ इमल्शन विरघळतंय. एकतर ते पाण्याच्या पेस्टला टिकणारं नाही (डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं), नाहीतर ते एक्स्पोजच्या वेळी आतून ओलं होतं.

हे दुसरं कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर रोज भेटतं. कोट केलेली फ्रेम वरून वाळलेली दिसते, बोटाला चिकटत नाही, पण आत ओल असते. ओलं इमल्शन प्रकाशात नीट कडक होत नाही. फ्रेम आडवी, छापायची बाजू खाली करून, अंधाऱ्या बंद कपाटात पंखा लावून वाळवा आणि रात्रभर राहू द्या. अर्जंट ऑर्डरला हेअर ड्रायरची कोमट हवा चालते, तापवून मात्र नाही, उष्णतेनेही इमल्शन आंधळं होतं.

बायक्रोमेट वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. इमल्शनमध्ये मिसळायचं नारिंगी खड्यांचं हे स्वस्त रसायन अंधारातही इमल्शन हळूहळू कडक करत राहतं आणि दमट हवेत ते जास्त होतं. आज कोट केलेली फ्रेम परवा एक्स्पोज केली तर अक्षरं उघडत नाहीत आणि आपण पॉझिटिव्हला दोष देतो. त्याच दिवशी वापरा. खरं तर ते सोडून डायझोवर, म्हणजे त्याच कामाच्या दुसऱ्या रसायनावर या. का, ते शेवटी.

एक्स्पोजची वेळ दुसऱ्याला विचारून ठरवू नका. त्याच्या एक्स्पोजच्या दिव्यांच्या ट्यूब वेगळ्या, अंतर वेगळं, थराची जाडी वेगळी. एक जुनी फ्रेम घ्या, त्यावर बारीक अक्षरांची एकच ओळ पाच-सहा वेळा असलेलं पॉझिटिव्ह ठेवा आणि काळा कागद मिनिटा-मिनिटाने सरकवत एक्स्पोज करा. धुतल्यावर दिसतं: कमी प्रकाशाच्या पट्टीत इमल्शन बुळबुळीत, अक्षरांची पोटं वाहून गेलेली, जास्तीच्या पट्टीत अनुस्वार बंद. मधली पट्टी तुमची वेळ. उन्हात एक्स्पोज करणाऱ्यांना हे पावसाळ्यात जमणार नाही, मधेच ढग येतो आणि वेळेचा हिशेब कोलमडतो. काम वाढलं असेल तर ट्यूबचा डबा करून घ्यायची हीच वेळ.

जाळी सैल झाली असेल तर वरचं सगळं करूनही दोन शिरोरेषा दिसत राहतात. मधोमध बोटाने दाबा, मग त्याच नंबरच्या नव्या फ्रेमवर दाबा, फरक हाताला कळतो. लाकडी फ्रेम पावसाळ्यात फुगते, पिळते आणि ताण सोडते. एका रंगाच्या कामाला ती चालेल, तीन रंगांचं काम तिच्यावर करू नका. ॲल्युमिनियमची घ्या, एकदाच खर्च आहे. जाळी हाताने खेचून स्टेपल मारणं आणि यंत्रावर ताणून चिकटवणं यांत फार फरक पडतो. हे काम ज्याच्याकडे ताणायचं यंत्र आहे त्यालाच द्या.

उष्णता

पहिल्या धुण्यात गेलेल्या प्रिंटचं कारण बहुतेक इथेच सापडतं. तरी हा भाग इतका खाली ठेवलाय, कारण वरच्या तपासण्या झाल्याशिवाय तापमान वाढवायला गेलात तर कापड पिवळं पडतं आणि दोष तसाच राहतो.

प्लास्टिसोल हवेवर वाळत नाही. महिनाभर टांगून ठेवा, ओलंच राहील. त्यातली पीव्हीसीची भुकटी आणि तेलकट द्रव एकजीव व्हायला थराला खालपर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअस मिळावे लागतात. 'खालपर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. फ्लॅशखाली ११०-१२० अंशांनाच रंग हाताला चिकटायचा थांबतो आणि छापणारा म्हणतो, झालं. ते अर्धवट जमलेलं असतं, पुढचा रंग वर चढवण्यापुरतं. भाकरी वरून फुगली तरी आतून कच्ची असू शकते, तसंच. तपासायला प्रिंट गार झाल्यावर दोन्ही हातांनी हलकेच ताणा. भेगा पडून खालचं कापड दिसलं तर क्युरिंग कमी पडलंय. मग एक नग गरम पाण्यात साबणाने धुऊन बघा, ऑर्डर द्यायच्या आधी, नंतर नव्हे.

उलटंही होतं. खालचा पांढरा थर पहिल्याच फ्लॅशला पुरता शिजवला की वरचा रंग त्याला धरत नाही आणि वरचा थर तेवढा सालीसारखा निघतो. पापुद्र्याखाली स्वच्छ पांढरा रंग दिसला तर हे कारण समजा आणि फ्लॅशची सेकंदं कमी करा.

पाण्याच्या पेस्टमध्ये आधी पाणी जायचं असतं, मग बाइंडर पक्का व्हायचा. साधारण १५० अंशांना तीन ते पाच मिनिटं लागतात. हीट प्रेस थेट ओल्या पेस्टवर आपटली तर वाफ आत कोंडते, रंग बटर पेपरला चिकटतो आणि प्रिंटला फोड येतात. आधी फ्लॅशने किंवा पंख्याखाली कोरडं करा. एवढा वेळ प्रेस अडकवणं परवडत नसेल तर फिक्सर घालून दोन-तीन दिवस टांगून पक्की होणारी पेस्ट मिळते. फिक्सर साधारण १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम, काट्यावर मोजून. 'झाकणभर' हे माप नव्हे. फिक्सर मिसळलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा आणि गिऱ्हाइकाला बजावून सांगा की आठवडाभर धुऊ नका. मिरवणूक उद्या असेल तर ही पेस्ट घेऊच नका.

डायल काय दाखवते त्यावर विश्वास ठेवू नका. हजारभर रुपयांत बंदुकीसारखं थर्मामीटर मिळतं, ते थेट प्रिंटवर रोखून मोजा. ते फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतं, म्हणून १६० दिसल्यावरही थोडा वेळ तसंच राहू द्या. चारही कोपरे आणि मध्य मोजा. स्वस्त फ्लॅशच्या कडा मध्यापेक्षा बऱ्याच थंड असतात आणि पाठीवरच्या मोठ्या प्रिंटचा नेमका खालचा भाग धुण्यात जातो तो यामुळे.

संध्याकाळी प्रिंट कच्च्या आणि सकाळी पक्क्या, असं असेल तर व्होल्टेज मोजा. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे २०० झाले तर उष्णता चोवीस-पंचवीस टक्क्यांनी कमी होते, १८० झाले तर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. दिवे जेमतेम मंद झालेले दिसतात, पण फ्लॅश तोवर निकामी झालेला असतो. अशा वेळी सेकंदं वाढवा किंवा क्युरिंग पहाटे उरका. कच्चे टी-शर्ट टांगून ठेवले तर काही बिघडत नाही, फक्त घडी घालू नका.

भगव्यावर पांढरं: इथे आधीच थांबा

पॉलिस्टरला रंग देताना वापरलेला डाय उष्णतेने वाफ होऊन वर येतो. १६० अंश म्हणजे त्याला आमंत्रणच. तो पांढऱ्या शाईत शिरतो आणि लाल कापडावरचं पांढरं गुलाबी होतं, भगव्यावरचं नारिंगी, कर्नाटक राज्योत्सवाच्या लाल टी-शर्टवरचं पिवळं मळकट केशरी. कधी लगेच, कधी दोन-तीन दिवसांनी, टी-शर्ट पिशवीत बंद असताना. वरून पांढऱ्याचा आणखी एक हात मारला तर तोही रंगतो.

ऑर्डर घेण्याआधी त्याच कापडावर एक नग छापून, शिजवून दोन दिवस ठेवा. तेवढा वेळ नसेल तर टी-शर्टवर पांढरं पॉलिस्टर फडकं ठेवून हीट प्रेसमध्ये १६० अंशांना अर्धा मिनिट दाबा. फडक्याला रंग लागला तर साधं प्लास्टिसोल चालणार नाही. १३० अंशांच्या आसपास पक्की होणारी, पॉलिस्टरसाठीची शाई आणि खाली डाय अडवणारा राखाडी थर लागेल. दोन्ही महाग आहेत, गिऱ्हाइकाच्या दरात बसतात का बघा. बसत नसतील तर सुती टी-शर्ट सुचवा किंवा पांढऱ्याऐवजी काळ्या रंगात डिझाइन करून द्या. तरी पोरं ऐकत नाहीत आणि "काय होत नाही ओ मामा, छापा की" म्हणतात, तेव्हा काम नाकारा. गुलाबी झालेली प्रिंट परत पांढरी करायचा उपाय नाही.

दुसऱ्याला बोलवायची वेळ

चार किलोवॅटचा फ्लॅश २३० व्होल्टला सतरा अँपिअरच्या वर ओढतो. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. प्लग गरम लागला, पिवळा पडला किंवा जळका वास आला तर मशीन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. त्याला वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग लागतं, एक्स्टेन्शन बोर्डावर ते चालवायचं नाही. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या दिवशी छपाई नाही, ऑर्डर कुणाचीही असो. हीटरची कॉइल, थर्मोस्टॅट, एक्स्पोज डब्याचे चोक, यांत स्वतः स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

मोठ्या लॉटमध्ये एकाच जातीचे पापुद्रे येत असतील आणि वरचं सगळं तपासून झालं असेल, तर छापलेला एक, कोरा एक टी-शर्ट आणि डब्याचा बॅच नंबर घेऊन रंगाच्या विक्रेत्याकडे जा आणि कंपनीच्या तांत्रिक माणसाला दाखवायला सांगा. रंग खरंच खराब असू शकतो, तो या पायरीला कळतो. तोवर उरलेला लॉट छापू नका.

आणि बायक्रोमेट. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, कातडीवर न भरणाऱ्या जखमा करतं, आणि धुतलेलं पिवळं पाणी आपल्याकडे परसातल्या विहिरीपासून फार लांब जात नाही. बोटांच्या बेचक्यात खाज किंवा फोड दिसले तर ते 'रंगाचं असतंय' म्हणून खोबरेल लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि जाताना डब्यावरचं नाव लिहून न्या. उरलेले खडे गटारात टाकू नका, घट्ट झाकणाच्या बरणीत, नाव लिहून, पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा आणि घातक कचरा कुठे घेतात ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा.